शिफ्ट बदलायचा रविवार

अप्पा,

परवा कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एका मुलीनं मला विचारलं, "मॅडम, ही पद्धत कुठल्या पुस्तकातली?" मुलगी म्हणायची आपली सवय, नाहीतर ती चौतीस वर्षांची आहे आणि आमच्या राज्यशास्त्र विभागात अतिथी प्राध्यापिका आहे. अतिथी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्या कारखान्यात त्यालाच कंत्राटी म्हणत. दरवर्षी नवं पत्र, आणि ते हातात पडेपर्यंत जीव टांगणीला. मी तिला म्हटलं, पुस्तकातली नाही, आमच्या अप्पांची. ते प्रोफेसर होते का? नाही गं, मेटगळ्ळीच्या कारखान्यात फिटर होते. ती खुर्ची ओढून बसली, म्हणाली, सांगा. मी सांगत राहिले आणि दोघींचे चहा निवून गेले. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की तुमच्याबद्दल मी जगभर चांगलं बोलते, फक्त तुम्हाला मी जे शेवटचं खरंखुरं रागानं बोलले होते ते अजून मागे घेतलेलं नाही. मी तुम्हाला भित्रा म्हटलं होतं. तुम्ही त्यानंतर अठरा वर्षं जगलात, रोज समोर होतात, आणि तो शब्द तसाच राहिला. आज तो उचलायचा म्हणून बसलेय.

मी आता हूटगळ्ळीला राहते. तुम्ही सायकलवरून इकडे यायचात तेव्हा इथं रान होतं. आता घरांच्या रांगा आहेत, आणि आज रविवार असूनही समोर कुणीतरी स्लॅब टाकतंय. शेजारी पुण्याहून आलेलं एक जोडपं आहे, दोघंही कंप्युटरवाले. ती बाई चांगली आहे, पण मी तोंड उघडलं की तिला हसू येतं. गेल्या आठवड्यात मी तिच्या लेकाला म्हटलं, "स्वल्प ताळ रे, येते," म्हणजे जरा थांब. तर ती म्हणते, काकू, हे कुठलं मराठी? म्हटलं, हे आमचं मैसूरचं, सात पिढ्यांचं, तुमच्यापेक्षा जुनं. तुम्ही असता तर तिच्यासमोर मुद्दाम आणखी चार कन्नड शब्द पेरले असते. हे सगळं तुमच्या जॉब कार्डांच्या पाठीवर लिहितेय. मला नोकरी लागली त्या दिवशी तुम्ही सुतळीनं बांधलेला तो गठ्ठा माझ्यापुढे ठेवलात. टूलरूमची जुनी कार्डं, एका बाजूला कामाचा नंबर, दुसरी बाजू कोरी. "पुट्टी, लेक्चरच्या नोट्स यावर लिही, एका कार्डावर मावेल तेवढंच बोल." मी तेवढ्यात कधीच मावले नाही. आजही मावणार नाही.

तुमचं रविवारचं वाचनाचं मंडळ मला आधी आवाजानं आठवतं. सकाळी साडेनऊला फाटकाची कडी वाजायला लागायची, दहापर्यंत पुढच्या खोलीत अकरा माणसं. सगळे कारखान्यातले. नंजनगूडचे काका ग्राइंडिंगला होते, ते सकाळच्या गाडीनं यायचे आणि येताना केळी आणायचे. पुस्तक बहुधा दसऱ्याच्या प्रदर्शनातल्या जुन्या पुस्तकांच्या गाळ्यावरून आणलेलं, इंग्रजी, कव्हर नसलेलं. राज्य कशासाठी असतं, कायदा कधी मोडावा, बहुमताचं म्हणणं एकट्या माणसाच्या विवेकापेक्षा मोठं का, असल्या विषयांची पुस्तकं. तुम्ही आठवडाभर डिक्शनरी घेऊन चार पानं फोडायचात आणि रविवारी ती कन्नडात सांगायचात. माझ्या आताच्या विद्यार्थ्यांना ही पानं परीक्षेपुरती लागतात. तुमच्या त्या खोलीत मात्र माणसं अशी ऐकायची की उद्या सकाळच्या पाळीला ते कामी येणार आहे. आणि येतच होतं. तुमच्या मंडळात एखादी गोष्ट ठरली की अर्धा कारखाना तिच्यामागे जायचा, कारण तुम्ही अकराजण वेगवेगळ्या शॉपमध्ये होतात आणि लोक तुमचं ऐकायचे.

आणि मग तुमचा तो नियम. वाचून झालं की ज्याला पटलंय तो एका भिंतीला आणि ज्याला पटलेलं नाही तो दुसऱ्या भिंतीला, असे बसायचे. सगळे स्थिरस्थावर झाले की तुम्ही म्हणायचात, "आयतु, झालं. आता शिफ्ट बदला." म्हणजे ज्याला पटलंय त्यानं विरोधात बोलायचं आणि विरोध असणाऱ्यानं बाजूनं. आणि असं बोलायचं की समोरच्या भिंतीनं मान डोलवली पाहिजे. खोटंखोटं, चेष्टेनं बोललेलं चालायचं नाही. मी एकदा विचारलं होतं की हा उलटा कारभार कशाला. तुम्ही म्हणालात, "गेटवर मी पाहिलंय. अर्धं पान वाचलेला माणूस सगळ्यांत मोठ्यानं ओरडतो. त्याला उलट बाजूनं बोलायला लावलं की उरलेलं अर्धं पान वाचावं लागतं." एवढंच. मी पुढे पीएचडी केली, पण विचार आणि चळवळ यांच्यातल्या नात्याबद्दल याहून कामाचं काही माझ्या वाचनात आलेलं नाही, हे मी विद्यापीठात कुणाला सांगत नाही.

आई त्या अकराजणांना उप्पिट करून घालायची आणि दर रविवारी करवादायची. एका रविवारी तुम्ही बायकांच्या कामाबद्दलचं काहीतरी सांगत होतात, तर ती झारा हातात घेऊन दारात आली आणि म्हणाली, "मग शिफ्ट बदला की. मी बसते इथं, तुम्ही जा आत." खोलीत कुणाला हसावं की नाही कळेना. तुम्ही मात्र खरंच उठलात, पुस्तक तिच्या हातात दिलंत आणि आत गेलात. मी अजून पाहते आहे, तुम्ही रवा कच्चाच पाण्यात ओतताय, मी म्हणतेय अप्पा भाजायचा असतो, आणि तुम्ही म्हणताय, सुम्ने, गप्प रहा, होतं सगळं. झालं ते उप्पिट नव्हतं, गोळे होते. नंजनगूडच्या काकांनी दोनदा मागून घेतले, काकांचं पोटच तसं होतं. आईनं बाहेर काय केलं ते मला नंतर कळलं. तिनं पुस्तक बंद केलं आणि एकेकाला विचारलं की तुमच्या घरी आज सकाळी पाणी कुणी भरलं.  त्यानंतर दोन-तीन जण उप्पिट झाल्यावर आपापल्या बशा धुऊन ठेवायला लागले.

मी तेव्हा एकवीस वर्षांची, डोक्यात राख घालून फिरणारी. महाराजांच्या नावाच्या कॉलेजांच्या त्या भागात आमचा विद्यार्थ्यांचा एक गट होता. आम्ही भिंती रंगवायचो, पत्रकं वाटायचो, आणि आमच्या मते पुस्तकांची वेळ संपली होती, आता कृतीची आली होती. तुमचं मंडळ आम्हाला म्हाताऱ्यांचा भजनाचा कार्यक्रम वाटायचं. एकदा मी टेबलावरचं एक पुस्तक उचलून म्हटलं, हा माणूस मालकांचा वकील आहे, हे रद्दीत घाला. तुम्ही विचारलंत, वाचलंस? म्हटलं, गरज नाही. तुम्ही आवाज चढवणारे नव्हतात, पण त्या दिवशी माझ्या हातून ते पुस्तक घेऊन पुन्हा माझ्याच हातात दिलंत आणि म्हणालात, "न वाचता रद्दीत घालायचा अधिकार मालकांना असतो. ते आपल्याला तसंच घालतात. तू आधी याची बाजू मला सांग, मग मी स्वतः नेऊन टाकतो." मी चार दिवस फुगून बसले, आणि पाचव्या दिवशी वाचलं. माणूस मालकांचा वकीलच होता, पण फार हुशार वकील होता. मला त्याला उत्तर देता आलं नाही म्हणून मी त्याच्यावर जास्तच चिडले. कदाचित तिथंच मी राज्यशास्त्राची झाले असेन.

आणि मग तो रविवार. तुमच्या कारखान्यात एकवीस कंत्राटी माणसं होती. तीच मशीनं, तीच धूळ, पण कायम कुणी नाही. कंत्राटदार बदलणार आणि त्यांना काढणार अशी बातमी फुटली. तुमच्या मंडळापुढे प्रश्न एकच होता, कायम कामगारांनी त्यांच्यासाठी संप करावा की नाही. तुम्ही ठरवाल ते सोमवारी गेटवरच्या सभेत मांडायचं होतं. मी आईबरोबर आत होते, पण कान बाहेर. भिंती वाटून झाल्या. संपाच्या बाजूनं सहाजण, त्यात सगळ्यांत पुढे तुम्ही. आठवडाभर जेवतानासुद्धा संपाचंच बोलत होतात. विरोधात पाचजण, आणि त्यांचे म्होरके नंजनगूडचे काका. काकांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती आणि तिसऱ्या मुलीचं लग्न ठरत होतं, त्यांना लफडं नको होतं, आणि ते तसं स्पष्ट म्हणत. आमच्या गटातले दोघं फाटकाबाहेर सायकली टेकून उभे होते, निकाल कळला की आम्ही पोस्टरं रंगवायला बसणार होतो. मला वाटलं, आज तरी अप्पा नियम बाजूला ठेवतील. आणि तुम्ही म्हणालात, शिफ्ट बदला.

आधी काका उठले. त्यांना संपाच्या बाजूनं बोलायचं होतं आणि त्यांचं तोंड कडू औषध प्यायल्यासारखं झालेलं. पहिली दोन वाक्यं चाचरत बोलले. मग कुणीतरी म्हणालं, त्या एकवीसजणांनी आपल्याला कुठं बोलावलंय. तर काका उसळले. "बुडणारा माणूस अर्ज लिहून हात मागतो काय? त्याच्या नाकातोंडात पाणी चाललंय आणि आपण काठावर उभं राहून विचारायचं, येऊ का म्हणून?" असं करत करत ते असे पेटले की त्यांच्या पायानं चहाचा कप उलटला तरी त्यांना भान नाही. मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिले. एवढं सुंदर भाषण आमच्या गटात कुणी केलं नव्हतं.

मग तुम्ही उठलात, संपाच्या विरोधात बोलायला. तुमचा आवाज नेहमीसारखाच होता. तुम्ही म्हणालात, "ज्यांच्यासाठी आपण हे करतोय, त्यातलं एक माणूस या खोलीत आहे काय? संप फसला तर आपले आठ-दहा दिवस जातील, त्यांचं सगळंच जाईल. पण मत कुणाला आहे? आपल्याला. मालक त्यांना न विचारता काढतो. आपण त्यांना न विचारता वाचवायला निघालोय. त्यांच्या जागी बसून बघा, दोघांत फरक काय वाटेल?" आणि पुढे त्या आठवड्याच्या पुस्तकातला मुद्दा, की दुसऱ्याच्या वतीनं बोलायचा हक्क चांगल्या हेतूनं मिळत नाही, तो त्याच्याकडून मागून घ्यावा लागतो. बोलणं संपलं. समोरच्या भिंतीनं मान डोलवली, ते ठीक, पण तुमच्या स्वतःच्या भिंतीवरची माणसंही विचारात पडली होती. मला तिथंच कळलं की घोटाळा होणार.

मत चिठ्ठीवर घ्यायचात. मी मंडळात नाही म्हणून मोजायचं काम माझ्याकडे. प्रत्येकाला जॉब कार्डाचा एक तुकडा, त्यावर बेकु नाहीतर बेडा, हवा की नको, नाव कुणी लिहायचं नाही आणि नंतर कुणी कुणाला विचारायचं नाही. आईच्या पितळी डब्यातून अकरा चिठ्ठ्या मी काढल्या आणि आकडा सांगितला. संप नको, सहा. संप हवा, पाच. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सकाळीही सहा-पाचच होते, फक्त सहा बाजूनं होते. माणसांनी बोलता बोलता स्वतःला पटवलं होतं आणि सगळी खोली उलटीपालटी झाली होती. काका डोक्याला हात लावून बसले, कारण त्यांनी संपाला मत दिलं होतं आणि ते न विचारता सगळ्यांना सांगत सुटले. "अय्यो, ह्यानं मला संपात ढकललं आणि हा स्वतः बाहेर," असं ते तुमच्याकडे बोट दाखवून म्हणाले. तुम्ही दुसरा ठराव मांडलात, की कंत्राटी माणसांना मंडळात बोलवायचं, पूर्ण मतासकट, आणि मग पुन्हा विचार करायचा. तो सगळ्यांनी मंजूर केला.

सोमवारी गेटवर तुम्ही जाऊन सांगितलंत की आत्ता संप नाही, आधी त्यांना विचारू. आठ दिवस ज्यानं संपाचा धोशा लावला होता त्यानंच हे सांगितल्यावर लोक काय म्हणणार? विकला गेला म्हणाले. कुणी तुमच्या सायकलची हवा सोडली. कंत्राटी माणसांना एकेकट्याला गाठून, त्यांची भीती घालवून बोलवायला तीन आठवडे लागले, आणि तेवढ्यात त्यांच्यातल्या नऊजणांना काढलं. ती बातमी घेऊन तुम्ही घरी आलात त्या संध्याकाळी मी तुमची वाटच पाहत होते. आमच्या गटात मला तीन आठवडे टोमणे ऐकावे लागले होते. आई रवा चाळत होती. तुम्ही चप्पल काढली, आत येऊन पाणी मागितलंत, आणि मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, तुम्ही उंटावरून शेळ्या हाकता. तुमची पुस्तकं म्हणजे न लढायची सबब आहे. तुम्ही भित्रे आहात अप्पा, वाचून वाचून भित्रे झालात. आईची चाळणी थांबली. तुम्ही म्हणालात, "तुझी बाजू झाली? आता माझी मांड बघू." मी म्हटलं, तुम्हाला बाजूच नाही. आणि निघून गेले.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण लिहिताना बरं वाटतंय. उरलेले बाराजण रविवारी यायला लागले. खोलीत जागा पुरेना, म्हणून चटई पडवीत आली आणि आईनं मोठी कढई काढली. आठ महिन्यांनी संप झाला, आणि तो त्यांनी मागितलेला, त्यांनी मत दिलेला संप होता. अकरा दिवस चालला. बाराजणांना कुणी हात लावू शकलं नाही आणि हळूहळू ते कायम झाले. त्या नऊजणांचं मात्र गेलं ते गेलंच. त्यांच्यातल्या एक अक्का, मशीनखालचा लोखंडाचा कीस झाडायच्या, त्या पुढे घरी अगरबत्त्या वळायला लागल्या. एकदा आपल्याकडे आल्या होत्या, तुम्ही कामावर होतात. मी त्यांच्यापुढे मान खाली घालून बसले, तुमच्या वतीनं माफी मागावी असं मनात. त्या पोह्यांची अवलक्की खात म्हणाल्या, "संप केला असता तरी मला काढलंच असतं, मी सगळ्यांत नवी. पण मला विचारायला हवं, असं म्हणणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. सांग अप्पांना." मी ते तुम्हाला सांगितलं नाही. का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर माझा शब्द मागे घ्यावा लागला असता, म्हणून.

आपलं वाईट काही झालं नाही. तुम्ही माझ्याशी बोलायचं थांबवलं नाहीत, मीही नाही. माझं लग्न झालं, नोकरी लागली, तुम्ही निवृत्त झालात, दर दसऱ्याला आपण प्रदर्शनात जाऊन जुन्या पुस्तकांच्या गाळ्यावर भांडलो. काका शेवटपर्यंत यायचे आणि शेवटपर्यंत तुम्हाला म्हणायचे की तूच मला बिघडवलंस. मंडळ संपलं तेव्हाही रडारड झाली नाही, माणसं म्हातारी झाली एवढंच. तुम्ही गेलात त्याला एकोणीस वर्षं झाली, आणि मी मागे पाहते तेव्हा मला आपल्या घराचं हसूच जास्त ऐकू येतं.

आता परवाच्या त्या प्रश्नामागची गोष्ट. आमच्या विभागातल्या आणि शेजारच्या दोन विभागांतल्या चौदा अतिथी प्राध्यापकांना यंदा पत्रं आलीच नव्हती. त्यांना पेपर तपासणीवर बहिष्कार टाकायचा होता. ते माझ्याकडे आले, कारण मी विभागप्रमुख आणि मी त्यांच्या बाजूची, हे सगळ्यांना माहीत. मी त्यांना दोन भिंतींना बसवलं. ते हसायला लागले, मग लागले बोलायला. मला बहिष्काराच्या विरोधात बोलायचं होतं. अप्पा, काय अवघड असतं ते. जे आपल्याला हवंय त्याच्या आड येणारं खरं कारण शोधायचं, आणि ते पातळ न करता बोलायचं.  मला सारखं वाटत होतं की मी यांचा घात करतेय. मी म्हटलं, तुमच्यातल्या चौघांना लहान मुलं आहेत, त्यांना कुणी विचारलंय का मोकळेपणी, की सगळे हो म्हणतात म्हणून तेही म्हणताहेत? मग एकजण उठून म्हणाला की मला भीती वाटते, आणि त्यानंतर खरं बोलणं सुरू झालं. मत त्यांचं त्यांनी घेतलं. मी बाहेर व्हरांड्यात उभी होते, मी कायम आहे, माझं काही जाणार नव्हतं, मला मत कसलं. तेराजण बहिष्काराच्या बाजूनं निघाले आणि चौदाव्यानं पेपर तपासले तरी त्याच्याशी कुणी अबोला धरायचा नाही असंही त्यांनी ठरवलं. चार दिवसांत पत्रं आली. पाचव्या दिवशी ती मुलगी विचारत होती, पद्धत कुठल्या पुस्तकातली.

तर आता तुमची बाजू मांडते. उशीर झालाय, पण मांडते. तुम्हाला संप हवा होता आणि तुम्ही त्याविरुद्धचं सगळ्यांत खरं कारण शोधून काढलंत, कारण नियम होता. ते खरं होतं म्हणून लोकांना पटलं. पटलं म्हणून तुम्ही हरलात. हरल्यावर तुम्हाला नियम मोडता आला असता, गेटवर नुसतं हो म्हणायचं होतं, अर्धा कारखाना तुमच्या मागे आला असता, लोकांनी खांद्यावर घेतलं असतं, घरी लेक खूश झाली असती. तुम्ही सायकलची हवा सोडवून घेतलीत. नऊजणांची नावं तुमच्या डायरीत होती हे आईनं मला तुम्ही गेल्यावर दाखवलं. तुम्ही ते ओझं कुणाच्या गळ्यात घातलं नाहीत. यात भित्रेपणा कुठं बसतो ते मला सापडत नाही. तो शब्द मी परत घेतला, अप्पा.

इथं थांबले असते तर चाललं असतं. पण मोजणी मी केली होती. अकरा चिठ्ठ्यांतल्या दहा कन्नडात होत्या. एक देवनागरीत होती. त्या खोलीत देवनागरी लिहिणारा माणूस एकच होता, आणि मन भरून आलं की त्याचं कन्नड सुटून मराठी वर यायचं हे त्याच्या लेकीला माहीत होतं. त्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, हवा. म्हणजे सहा 'नको' भरायला सकाळच्या विरोधातलाही कुणीतरी जागचा हललाच नव्हता. कोण, ते देव जाणे. मी ती चिठ्ठी बाकीच्यांबरोबर चुलीत घातली आणि गप्प राहिले, तिथवर ठीक, नियम तसाच होता. पण तीन आठवड्यांनी त्या दारात उभी राहून मी तुम्हाला भित्रा म्हटलं, तेव्हा तुमचं मत मला ठाऊक होतं. तुम्ही हरलेलं मत गिळून गेटवर उभे राहिलात हे कारखान्यात कुणालाही ठाऊक नव्हतं, मला एकटीला होतं. बाकीचे तुम्हाला विकला गेला म्हणाले ते चुकले. मी चुकले नव्हते. मी जाणूनबुजून खोटं बोलले, कारण माझ्या गटात मला टोमणे खायचे नव्हते.

तुम्ही असता तर हे लिहायचं धाडस मला झालं नसतं, तेही खरं.